दारावरच्या खाचा

पुलाच्या दुसऱ्या खांबावर
लाल-पांढरी पट्टी रंगवली आहे.
सकाळी सातला मी तिच्यासमोर उकिडवी बसते,
पाणी कुठवर आलंय ते
मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीत लिहिते.
आकडा फोनवरून बिश्केकला जातो.
तिथे बेगिमाय नावाची पोरगी तो कशात तरी घालते.
कशात, ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

मग ती स्वतःच आली.
शाळेत बैठक : वरच्या गावचे खिडकीकडे, खालचे दाराकडे,
मध्ये सामोवार,
आणि कुणी कुणाकडे न बघता चहा.
भिंतीवर नकाशा, सगळं खोरं निळ्या शिरांचं,
म्हाताऱ्याच्या पोटरीसारखं.
तिने रशियनमध्ये एक लांबलचक शब्द उच्चारला,
नदीशी ज्यांचं देणंघेणं ते सगळे, असा काहीतरी.
मागून कुणी विचारलं, म्हणजे कोण?
मामितबेक म्हणाला,
"ज्यांच्या नाकातोंडात पाणी जाईल ते.
आणि ज्यांच्या तोंडचं पळेल तेही."
दोन्ही गावं एकदम हसली,
आणि हसलो म्हणून ओशाळली.

मामितबेक आमचा मिराब, पाटाचा कारभारी.
कुणाला किती घटका पाणी, ते तो ठरवतो,
म्हणून अर्धं गाव त्याच्याशी बोलत नाही.
बेगिमायने पडद्यावर एक रेघ दाखवली :
वरचा बर्फ आटतोय, पाणी लवकर येतंय,
लवकर संपणार आहे.
"माझ्या नदीचं मला सांगू नकोस,"
तो उठला. "चल, दाखवतो."

गोठ्याचं दार, चिनाराच्या फळीचं.
नदी ज्या दिवशी पहिल्यांदा दुधट होते
त्या दिवशी भर दुपारी
छपराच्या भोकातलं ऊन दारावर जिथे पडतं
तिथे एक खाच.
दर वर्षाची एक, शेजारी शेजारी, बोटभर अंतराने.
एकोणतीस वर्षं.
बेगिमाय चार पावलं मागे सरली.
आम्हीही सरलो.
खाचा वर चढत गेल्या होत्या,
मध्येच अडखळत, एखादी खाली घसरत,
पण वरच.
तिने टेप लावला, वहीत काहीतरी मांडलं,
आणि अगदी हळू म्हणाली,
एकोणीस दिवस.

"दार मी रोज उघडतो," मामितबेक म्हणाला.
"बघितलं कधीच नाही."

एका जागी फळी कोरी होती.
"हे वर्ष राहिलंय का?"
"त्या वर्षी दरडीच्या चिखलात थोरला गेला.
नदीकडे बघितलं नाही."
ती म्हणाली, भरता येतं,
आजूबाजूच्या वर्षांवरून, पद्धत आहे.
तो काही बोलला नाही.
मीच बोलले.
माझ्या वहीत ऑक्टोबरचे तीन दिवस कोरे आहेत,
ते भरलेस?
भरले, म्हणाली.
कसे?
आधीच्या आणि नंतरच्या दिवसांची सरासरी.
माझी आई त्या तीन दिवसांत गेली, बाई.
ते दिवस सरासरीचे नव्हते.

तिने पेन्सिलीचं टोक दाताखाली धरलं,
शाळेतल्या पोरीसारखं.

त्या वर्षी पहिली रात्रपाळी खालच्या गावाला मिळाली,
ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी.
वरच्यांपैकी कुणीतरी दाराचं कुलूप दगडाने फोडलं,
आणि मामितबेकची म्हैस तीन दिवस सापडली नाही.
चौथ्या दिवशी खालच्या गावची दोन पोरं
तिला दोरीने ओढत घेऊन आली.
तो त्यांना काही म्हणाला नाही, चहा दिला.

हिवाळ्यात पुस्तिका आली. पान बावीसवर
दाराचा फोटो, शेजारी आमच्या नदीची रेघ.
रेघ दोन ठिकाणी तुटलेली.
खाली बारीक अक्षरांत :
इथे नोंद नाही.

आज सकाळी सात.
एकशे चौदा.
पाणी दुधट.
मामितबेक हातोडी आणि छिन्नी घेऊन
पुलावरून गेला.